तिसऱ्या रविवारची हरकत

पाळक म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. एसटीत शेजारी बसलेला माणूस माझे पांढरे कपडे आणि काखेतलं जाड पुस्तक बघून विचारायचा, "डॉक्टर का?" नाही म्हटलं की, "मग वकील?" शेवटी मी सांगायचो, बाबा, चर्चमध्ये पाळक आहे. "म्हणजे फादर!" म्हणून तो मोकळा व्हायचा आणि लगेच आवाज खाली आणून विचारायचा की जन्मभर लग्न न करता राहायचं म्हणजे अवघड जात असेल, नाही का. खिडकीशी आमची ही बसलेली असायची. ती तिथूनच सांगायची, "यांचं झालंय. माझ्याशीच." फादर कॅथलिकांचे. आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या पाळकाला बायको, पोरंबाळं, दळण, गॅसची टाकी, सगळं असतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा म्हणून गळ घातली. धंदा हा शब्द ऐकून ही रागावली, मला मात्र तो आवडला. बदल्या कुठं कुठं झाल्या, कोणत्या साली काय बांधलं, ते मी लिहिणार नाही. वाचताना तुम्हालाही झोप येईल आणि लिहिताना मलाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका चर्चची शेवटची काही वर्षं सांगतो. ती सांगितली की माझ्या धंद्यात काय काय येतं ते आपोआप कळेल.

रविवारची उपासना चालवणं हे पाळकाचं सगळ्यात सोपं काम. बाकीचे सहा दिवस खरे. दवाखान्यात आजाऱ्याजवळ बसा, सासू-सुनेचं भांडण मिटवा, पोराच्या बारावीसाठी प्रार्थना करा, म्हशीसाठीही करा. गिऱ्हाईक नुसतं आमच्यातलंच असायचं असंही नाही. कळंबच्या मोंढ्यात एक लिंगायत आडत दुकानदार माझा मित्र होता. त्यानं नवं दुकान घातलं तेव्हा आधी महादेवाचा अभिषेक केला, मग मला बोलावून म्हणाला, "पाळकसाहेब, तुमचीबी एक प्रार्थना होऊ द्या. उगं एखादा देव राह्यला असं नको." मी केली. त्याचं दुकान जोरात चाललं. श्रेय कुणाचं यावर आमची वर्षानुवर्षं हुज्जत चालायची.

तर ते चर्च. कळंब आणि वाशीच्या मधल्या टापूत एका फाट्यावर होतं, गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. गोऱ्या मिशनऱ्यांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं, वर कौलं, बाजूला घंटेचा मनोरा. माझी तिथं दोनदा नेमणूक झाली. पहिल्यांदा गेलो तेव्हा तरणा होतो. तेव्हा उशिरा येणाऱ्याला बाहेर लिंबाखाली उभं राहून उपासना ऐकावी लागायची. कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक घेऊन यायचे, त्यात कोंबड्याही असायच्या. माझ्या पहिल्या कापणीच्या उपदेशात एक कोंबडी सुटून थेट माझ्या व्यासपीठावर चढली. उपदेश कुणाच्याच लक्षात राहिला नाही, कोंबडी अजून आहे.

दुसऱ्यांदा गेलो ते निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना. तेव्हा पुढचे दोन बाक भरले तरी मला बरं वाटायचं. माणसं कुठं गेली? शिकलेली पोरं पुण्याला गेली, कंपन्यांत लागली, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये बसू लागली. त्यांचं मला वाईट वाटत नाही. पण गावात राहिलेली, ती गेली पत्र्याच्या शेडमध्ये.

हे शेड म्हणजे संजय पास्टरांची प्रार्थना सभा. आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. तिथं ड्रम, गिटार, मोठे स्पीकर, हात वर करून गाणी, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना. आमच्याकडं पेटी, तबला आणि माझा उपदेश. पोरं कुठं जातील ते तुम्हीच सांगा. यातली गंमत अशी की हा संजय माझ्याच संडे स्कूलचा. पहिल्या नेमणुकीत त्याला मी मांडीवर बसवून वचनं पाठ करून घेतलेली. आता रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा, आणि पुढच्या रविवारी आमचं आणखी एक घर त्याच्याकडं गेलेलं असायचं. तो लबाड नव्हता. तसा असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्यात आणि त्यांच्यात मुख्य फरक पाण्याचा. आम्ही तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी घालून त्याचा बाप्तिस्मा करतो आणि तो जन्मात एकदाच. ते म्हणतात, तान्ह्या लेकराला काय कळतं? माणूस मोठा झाल्यावर त्यानं स्वतःहून पाण्यात उतरावं, अख्खं बुडावं, तोच खरा. त्यामुळं आमच्यातलं कुणी तिकडं गेलं की त्याला तलावावर नेऊन पुन्हा बाप्तिस्मा देत. मी ज्यांच्या कपाळावर पाणी घातलं, त्यांनी एकेक करून तलावात उतरायचं, याचा अर्थ मी केलं ते नुसतं पाणी सांडणं होतं. राग यायचा. खोटं कशाला सांगू, लई राग यायचा.

अशात आमच्या चर्चच्या वरच्या ऑफिसातून कळवलं गेलं की एवढ्या थोड्या माणसांसाठी वेगळा पाळक देणं परवडत नाही. नव्या वर्षापासून आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, तालुक्याच्या मोठ्या चर्चला जोडायची, पाळकाचं घर रिकामं करायचं, चर्चला कुलूप घालायचं. मात्र तोपर्यंत रविवारी नियमानं बसणारी माणसं वाढलेली दिसली तर फेरविचार होईल.

हे सगळ्यात जास्त लागलं ते दानियल मास्तरांना. मास्तर आमच्या पंचकमिटीचे चिटणीस, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. घंटा तेच वाजवायचे, कौलं तेच शाकारून घ्यायचे, पेटीही तेच वाजवायचे. बायको मार्थाबाई, कानानं अगदी अधू झालेल्या. आणि नात रिबका. रिबकाची आई ती लहान असतानाच गेली, बाप पुण्याला कंपनीत, त्यामुळं पोरीला वाढवलं ते आजी-आजोबांनीच. ती कळंबला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्यानं ऐकून घ्यावं अशी.

रिबकाला मागणी आली ती नेमकी संजय पास्टरच्या पुतण्याची. अमोल नाव, मोबाइल टॉवरच्या कामावर होता. पोरापोरीची पसंती होतीच, मोठ्यांनी नंतर ठरवलं. आता शेडमधल्या पास्टरला लग्न लावून कायदेशीर दाखला देण्याचा अधिकार नव्हता, आम्हाला होता. म्हणून लग्न आमच्या चर्चमध्ये. संजयनं मोठ्या मनानं आणखी एक गोष्ट कबूल केली. त्याच्या भावकीतली सगळी घरं सकाळी आमच्या उपासनेला बसतील, दुपारी त्याच्या शेडमध्ये. मास्तर धावतच माझ्या घरी आले. त्या भावकीची माणसं बसली म्हणजे आमचं चर्च वाचलं. चहा प्यायचंही त्यांना भान नव्हतं.

मग उठता उठता त्यांनी सांगितलं की एक अट आहे. लग्नाआधी रिबकानं तलावावर बाप्तिस्मा घ्यायचा. मास्तरांनी हो म्हणून टाकलं होतं.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या कुणाचंही एकवेळ चाललं असतं, रिबकाचं नाही. ती माझ्या पहिल्या नेमणुकीत, सातव्या महिन्यातच जन्मली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली होती, पाळक म्हणजे मी दुसऱ्या गावी गेलेलो. आमच्यात एक नियम आहे. लेकरू जायला लागलं आणि पाळक जवळ नसला, तर बाप्तिस्मा झालेल्या कुणाही माणसानं बाप्तिस्मा करावा. मार्थाबाईंनी वॉर्डातल्या माठातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि नातीचा बाप्तिस्मा केला. पोर जगली. मी परत आल्यावर पंच म्हणू लागले, बाईमाणसानं घाईत केलंय, तुम्ही पुन्हा नीट करा. मी नकार दिला. भर उपासनेत रिबकाला हातावर घेऊन सांगितलं की मार्थाबाईंनी केला तो बाप्तिस्मा या चर्चचाच आहे, तो पुन्हा होणार नाही. तेव्हा पंचांत माझ्या बाजूनं एकटे दानियल मास्तर उभे राहिले होते.

हे मी त्यांना ऐकवलं. मास्तर म्हणाले, "पाळकसाहेब, मला काय कळत न्हाय व्हय? पण ओंजळभर पाण्यापायी अख्ख्या चर्चला कुलूप लावू देऊ? तुमची बदली हुईल, न्हाईतर पेन्शन. मला हितंच मरायचंय."

मी एवढंच म्हटलं की पोरीला विचारा. पोर माझ्या शब्दाबाहेर नाही, असं म्हणून ते गेले.

आता लग्नाची सूचना म्हणजे काय ते सांगावं लागेल. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार पाळक उपासनेत उभा राहून जाहीर करतो की अमुक मुलाचं अमुक मुलीशी लग्न ठरलं आहे, कुणाची काही हरकत असेल तर त्यानं आताच उठून सांगावं. एवढं बोलून क्षणभर थांबायचं. माझ्या सगळ्या नोकरीत त्या थांबण्यात खोकल्याशिवाय दुसरं काही ऐकू आलं नव्हतं.

पहिल्या रविवारी संजयची सगळी भावकी आली. नवे कपडे, लेकरं, म्हातारी माणसं. बाक कमी पडले म्हणून मास्तरांनी शाळेतून सतरंज्या आणल्या. पहिलं गीत सुरू झालं. कितीतरी वर्षांत त्या भिंतींनी एवढा आवाज ऐकला नव्हता. मी सूचना वाचली, कुणी उठलं नाही. दुसऱ्या रविवारीही तसंच. वरच्या ऑफिसातले एक साहेब मुद्दाम बघायला आले होते. माणसं पाहून खूश झाले, तिसऱ्या रविवारीही येतो आणि मग तसा अहवाल देतो म्हणाले.

त्या आठवड्यात रिबका ड्युटीवरून परस्पर माझ्याकडं आली. उभ्या उभ्याच तिनं विचारलं की आज्जीनं केलेला बाप्तिस्मा खरा की खोटा. मी म्हटलं, खरा. मग दुसरा घेतला तर पहिला खोटा ठरतो का, ती म्हणाली. मी म्हटलं, आपल्या चर्चच्या शिकवणीप्रमाणं ठरतो. आजोबा म्हणतात चर्चसाठी घे, तुम्ही काय म्हणता? हा प्रश्न अवघड होता. मी म्हणालो, "रिबका, चर्च वाचावं असं मलाही वाटतं, म्हणून माझा सल्ला घेऊ नकोस. शिकवण काय ते सांगितलं. पुढचं तुझं तू ठरव." तिनं मान हलवली आणि गेली. आमची ही आतून ऐकत होती. म्हणाली, पोरीला एकटीला सोडलंत. तिचंही खरं होतं.

शनिवारी बाप्तिस्म्यासाठी तलावावर सगळे जमले, रिबका आली नाही. दवाखान्यात गर्दी आहे, असा निरोप आला. संजयनं मनाचा मोठेपणा दाखवला, उद्या सूचना झाली की दुपारी उरकून घेऊ म्हणाला. मास्तर मात्र रात्रभर झोपले नसावेत. सकाळी घंटा वाजवायला आले तेव्हा डोळे लाल होते, आणि माझ्याशी बोलायचं ते टाळत होते.

तिसऱ्या रविवारी चर्च गच्च. ऑफिसातले साहेब पुढच्या खुर्चीवर. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर मार्थाबाई, त्यांच्या शेजारी रिबका. पुरुषांच्या बाजूला अमोल आणि संजय. मी सूचना वाचली. हरकत असेल तर सांगावं म्हणालो आणि थांबलो.

रिबका उठली.

"माझी हरकत हाय," ती म्हणाली.

पेटीजवळून मास्तर म्हणाले, "रिबका, खाली बस." आज खरं सांगतो, माझंही मन तेच म्हणत होतं. बस ग पोरी, बस खाली. पण नियमानं मला विचारणं भाग होतं. मी विचारलं, कशाबद्दल हरकत आहे?

"अमोलबद्दल न्हाय. लग्नाबद्दलबी न्हाय. मला पुन्हा पाण्यात उतर म्हणतेत, त्याला हाय. मी मरायला टेकले व्हते तवा आज्जीनं माझ्या डोक्यावर पाणी घातलं. आता मी तलावात उतरले तर आज्जीनं काईच केलं न्हवतं असं व्हतंय. मला तसं म्हणता येणार न्हाय."

संजय उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "पाळकसाहेब, ही कायद्यातली हरकत न्हाय. वय कमी न्हाय, नातं आडवं येत न्हाय, आधीचं लग्न न्हाय. तुमी पुढं वाचा. बाकीचं आमी घरात बघू."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. नियमाच्या बाजूनं बघितलं तर मी 'हरकत फेटाळली' म्हणून पुढं जाऊ शकत होतो. पोरीला चार मोठ्या माणसांनी घरी समजावलं असतं, दुपारी तलाव झाला असता, नव्या वर्षात चर्च उघडं राहिलं असतं. साहेब माझ्याकडं बघत होते, मास्तर माझ्याकडं बघत होते. मी रिबकाकडं बघितलं. ती खाली बसली नव्हती.

मी म्हणालो, "हरकत मान्य आहे. या अटीसकट हे लग्न इथं लागणार नाही."

संजयनं बायबल बंद करून काखेत घेतलं. त्याच्या मागं एकेक करून सगळी भावकी उठली. अमोल तेवढा बसून होता. त्याच्या आईनं दंडाला धरून त्याला उठवलं, तो दारापर्यंत मागं बघत गेला. लेकरांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग पुढचे दोन बाक उरले, आणि साहेब.

मार्थाबाईंना ऐकू येत नसल्यानं काहीच कळलं नव्हतं. लोक का गेले म्हणून त्या मोठ्यानं विचारू लागल्या. रिबकानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. म्हातारी चवताळलीच.

"माझ्यापायी चर्च घालवलंस व्हय ग? मला इचारायचं तरी व्हतं. मी म्हणले असते, जा, उतर."

"म्हणून तर इचारलं न्हाय," रिबका म्हणाली.

उपासना अर्ध्यावर सोडता येत नाही. मी कसंबसं पुढचं वचन वाचलं. मास्तरांनी पेटी वाजवली, सूर सारखे चुकत होते.

व्हायचं तेच झालं. वरून पत्र आलं, मंडळी तालुक्याला जोडली. दरम्यान अमोल एकटाच मोटारसायकलवरून माझ्याकडं आला. काकांना सांगितलंय, अट काढा, नाहीतर मी कोर्टात लग्न करतो, म्हणाला. संजयला जड गेलं. तो माझ्याकडं येऊन बसला आणि म्हणाला, माझ्या शेडमधले लोकबी मला विचारतील, घरच्याला सूट आणि आमाला अट? मी म्हटलं, विचारतील. तुलाही उत्तर द्यावं लागेल, मलाही द्यावं लागलं. काही दिवसांनी त्यानं अट सोडली. मी त्याच दिवशी वरच्या ऑफिसला कळवलं, जरा थांबा, माणसं परत येतायत. झालेला ठराव बदलत नाही, असं उत्तर आलं. मी फोन केले, स्वतः जाऊन आलो, नको ते बोलूनही आलो. उपयोग झाला नाही. शेवटच्या रविवारी मास्तरांनी स्वतः घंटा वाजवली, दारं लावली आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्या हातात दिली. त्या तिसऱ्या रविवारपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

लग्न तालुक्याच्या चर्चमध्ये ठरलं. पाळक तिथले दुसरे होते, पण रिबकानं हट्ट धरला म्हणून मीच लावायचं होतं. मी झगा घालून पुढं उभा राहिलो. संजयची सगळी भावकी आली होती. पुण्याला गेलेली आमची जुनी पोरं बायका-लेकरांसह आली होती. शेडमध्ये गेलेली घरं आली होती. पेटीवाल्यानं जुनं गीत सुरू केलं तर संजय पुस्तक न उघडता म्हणत होता, संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. मागं माणसं उभी होती, व्हरांड्यातही होती.

मास्तर पहिल्या बाकावर होते. त्यांनी मागं वळून सगळीकडं नजर फिरवली. मग उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं, माझ्या झग्यावरची शाल नीट करायला आलेत. ते हळू आवाजात म्हणाले, "ही समदी आपल्याच चर्चची माणसं हायती, पाळकसाहेब. एकबी इथलं न्हाय."

तेवढ्यात नवरी दारात आली आणि ती सगळी माणसं उभी राहिली.